सातारा ते सांगली सायकलने: हायवेला न शिवता जायचा रस्ता कोणता?

निवांत_पेडल

मंडळी, दोघेजण, दोन हायब्रिड सायकली, चार दिवस. साताऱ्यातून निघायचं, सांगलीत संपवायचं. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर चाक टेकवायचं नाही, एवढी एकच अट. सुरुवातीला कास आणि बामणोली हवं, जमलं तर कोयनेच्या जलाशयातून बोटीने तापोळाही.

टायर ७०० x ३८. गिअरचे दात पुढे ४८-३८-२८, मागे ८ स्पीड ११-३२. कॅरिअरवर प्रत्येकी बारा किलो सामान. महिना ठरलेला नाही, सप्टेंबर ते फेब्रुवारीत कधीही चालेल. नकाशाचं ॲप काही केल्या हायवेवरच नेऊन सोडतं. आतले रस्ते, त्यांचा पृष्ठभाग आणि कुठे काय नडतं, हे सांगा.

बोगद्यापलीकडे

हायवेला न शिवता? अहो, शहर हायवेच्या पश्चिमेला आणि माहुली पूर्वेला. ओलांडावा तर लागणारच. पुलाखालून गेलेलं चालतं का? :)

निवांत_पेडल

खालून गेलेलं सोवळ्यात चालतं. वर चाक लागलं की विटाळ.

रुळावरचा_चहा

कास वगैरे बाकीचे सांगतील. मी कृष्णेकडचं सांगतो.

नकाशा उघडा आणि कृष्णा नदीवर बोट ठेवा. सातारा ते कराड हायवे नदीच्या पश्चिमेला आहे आणि पुणे-मिरज रेल्वे पूर्वेला. तुम्हाला रेल्वेची बाजू धरायची आहे. संगम माहुलीला कृष्णा ओलांडली की अंगापूरवरून रहिमतपूर, मग तारगाव, मसूर आणि कराडचं रेल्वे स्टेशन जिथे आहे ती ओगलेवाडी. पुढे शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे, सांगली. सातारा-सांगली अंतर या बाजूने सव्वाशे ते एकशेतीस किमी पडतं, गावात किती आत शिरता त्यावर आहे.

फायदा नुसता रहदारीचा नाही. दर आठ-दहा किलोमीटरवर स्टेशन आहे. डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्राचा) हँगर वाकला, गुडघा धरला, तर तिथून पॅसेंजरने सुटका. मात्र सायकल रेल्वेने न्यायची तर पार्सल बुकिंग मोठ्या स्टेशनावर होतं, म्हणजे सातारा, कराड, सांगली, मिरज. तारगावला पार्सल ऑफिस विचारलंत तर मास्तर चहा पाजतील, पावती मिळणार नाही.

एक खोडा: बऱ्याच फाटकांच्या जागी रुळांखालून भुयारी मार्ग झालेत. मोठ्या पावसानंतर त्यात पाणी साचतं आणि खोली वरून कळत नाही. दुचाकीवाला जाताना दिसला तरच घाला. पाणी हबच्या वर येत असेल तर सायकल खांद्यावर घ्या, नाहीतर बेअरिंगचं ग्रीस गेलंच.

घाटमाथा

कासबद्दल. साताऱ्यातून समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा. शहर सातशे मीटरच्या आसपास आहे, पठार बाराशेच्या. पंचवीस किमीत पाचशे मीटर म्हणजे सरासरी फारशी वाटत नाही, पण सगळा चढ पहिल्या टप्प्यात आहे. घाट संपला की पुढे चढउतार. पहाटे साडेपाचला निघा, आठच्या आत पठार.

सप्टेंबरात फुलं म्हणजे स्वर्गच. जाऊन या.

तिरकी_सीट

@घाटमाथा, 'जाऊन या' म्हणताय, पण धाग्याचा विषय रहदारी टाळणारा रस्ता आहे ना? सप्टेंबरातल्या रविवारी यवतेश्वरच्या वळणांवर चारचाकी एकमेकींचे आरसे पुसत चालतात. चढावर सायकल ताशी सात किमीने जाते. मागची गाडी पहिल्या गिअरवर क्लच जाळते आणि तो वास तुम्ही हुंगता. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण वारशात पार्किंग येत नाही. फुलांच्या हंगामात प्रवेशाला आगाऊ बुकिंग आणि शुल्क आहे. सायकल आहे म्हणून पठारावर न्यायची नाही, डांबरावरच राहायचं. पठारावर मातीचा थर बोटभर आहे, टायरचा एक चरा पुढचं वर्षभर दिसतो.

घाटमाथा

रविवार कोण म्हणालं? मंगळवार, बुधवार.

तिरकी_सीट

मग तसं आधी लिहायचं.

दातमोजणी

गिअरचं गणित मांडतो, कारण अर्ध्या सहली इथेच फसतात.

माणूस ७०, सायकल १३, सामान १२, एकूण ९५ किलो. आठ टक्क्यांचा चढ धरला तर चढ आणि टायरचं घर्षण मिळून साधारण ८१ न्यूटन जोर लागतो. पेडल मिनिटाला ६० फेरे ठेवायचं म्हटलं तर:

पुढे २८, मागे २८ (एकास एक): ताशी पावणेआठ किमी, पावणेदोनशे वॉट.
तुमचं सर्वांत हलकं, २८-३२: सात किमीच्या जरा आत, दीडशे वॉट.
माउंटन बाइकचं २४-३४: साडेपाच किमी, सव्वाशे वॉट.

रोज सायकल चालवणाऱ्याला दीडशे वॉट तासभर जमतात. पण ते ताज्या पायांनी. बामणोलीहून परत चढताना पाय ताजे नसतात, तेव्हा फेरे चाळीसवर येतात आणि भार गुडघ्याच्या वाटीवर पडतो. त्यामुळे सामान बाराचं आठ करा, नाहीतर गिअर हलका करा. दोन्ही केलंत तर दुधात साखर.

कंदीपेढा

सामान आठ किलो, पण त्यात अर्धा किलो पेढे धरा. एनर्जी जेलच्या पुड्या कशाला, पेढ्यात साखर आहे, दूध आहे, आणि साताऱ्याची इज्जतही आहे.

दातमोजणी

चढावर खवा खाल्लात तर यवतेश्वर पोटातच राहील. पेढे उतारानंतर.

शिवसागर_काठ

@निवांत_पेडल, बामणोलीहून परत चढूच नका.

कास ते बामणोली हा अकरा-बारा किमीचा उतार आहे. कोयनेचा जलाशय पूर्ण भरतो तेव्हा पातळी ६५९ मीटर. म्हणजे पठारावरून साधारण साडेपाचशे मीटर खाली येता. तेवढंच परत चढायचं तर सरासरी साडेचार टक्के, न थांबता. त्यापेक्षा बामणोलीत सायकली बोटीत घाला आणि तापोळ्याला उतरा. तापोळा ते महाबळेश्वर पंचवीस-तीस किमीत सातशे मीटर चढ. उंची जास्त आहे, पण लांबवर पसरलेली. रस्ता अरुंद, झाडीचा, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी गाड्या मोजून घ्याव्यात इतक्या कमी.

बोटीचं तंत्र: भाडं माणशी नसून पूर्ण बोटीचं असतं, बोट क्लबच्या खिडकीवर आधी विचारून घ्या आणि 'सायकली आहेत' हे तिथेच सांगा, काठावर जाऊन नको. पिशव्या आधी उतरवा. पुढचं चाक काढा. सायकल आडवी ठेवताना चेनची बाजू वर, खाली आली तर हँगरवर पूर्ण वजन येतं. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा, बोटीत चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटतात आणि तापोळ्याच्या धक्क्यावर स्क्रूड्रायव्हर शोधत बसावं लागतं. दुपारी तीननंतर बोटीच्या भरवशावर राहू नका.

आणि हे सगळं पाणी भरलेलं असतानाच. उन्हाळ्यात जलाशय उतरला की धक्का वर राहतो, बोट खाली. मधला गाळ सायकल खांद्यावर घेऊन तुडवायचा.

गवारेडा_नव्हे_गवा

पलीकडचा काठ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. वासोट्याच्या बाजूला सायकल नेण्याचा विचारही नको, तिथे वनखात्याच्या परवानगीने पायी जायचं. अलीकडच्या रस्त्यावरही सूर्य मावळला की थांबायचं. गवा रस्त्यात उभा असेल तर घंटी वाजवू नका. थांबा, तो जाईल. त्याला घाई नसते, तुम्हालाही नसावी.

वाईकर_क्र_१

सगळे कास-कास करतायत. वाईहून मेणवली, धोम, बलकवडी, जोर असा कृष्णेच्या उगमाकडे जाणारा रस्ता कुणालाच आठवला नाही? पुढे रस्ताच संपतो, म्हणून आरपार जाणारं वाहन नाही. वाहनमुक्त याला म्हणतात.

तिरकी_सीट

रस्ता संपतो म्हणजे आलात त्याच वाटेने परत. त्यांना सांगलीला जायचंय, महाबळेश्वराच्या कड्याच्या पायथ्याला डोकं टेकायचं नाहीये.

वाईकर_क्र_१

वेगळी सहल करा मग. पण करा.

माणदेशी_सराटा

आणि पूर्व साताऱ्याला कुणी वाली नाही. रहिमतपूरहून औंध अठरा-वीस किमी. डोंगरावर यमाई, खाली भवानी संग्रहालय, तिथे रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प. सायकलवरून उतरून आंबलेल्या अंगाने बघायला यापरीस चांगली जागा नाही. रस्त्यात मेंढ्यांचे कळप लागतील. मेंढरांमागची कुत्री अंगावर आली तर पळवू नका सायकल, उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत जा. चाकामागे धावणं हा त्यांचा धर्म, चालणाऱ्याचं त्यांना काही वाटत नाही.

कंदीपेढा

औंधला गेलात तर सूर्यनमस्काराचा प्रचार करणाऱ्या तिथल्या राजाच्या, पंतप्रतिनिधींच्या, गावचा मान म्हणून बारा सूर्यनमस्कार घालावे लागतात, हे सांगायचं राहिलं.

माणदेशी_सराटा

घाला की. दिवसभर हँडलवर वाकलेल्या पाठीला त्याहून चांगलं औषध नाही. हे चेष्टेत घेऊ नका.

पाटकऱ्याचा_पुतण्या

रेल्वेची बाजू सांगितली ते बरोबर. त्याला जोड देतो: पाटाचा रस्ता. कॅनॉलला उतार इतका कमी असतो की डोळ्याला दिसत नाही. पाणी जसं डोंगराला वळसा घालून एकाच उंचीवरून जातं, तसाच त्याच्या भरावावरचा देखभालीचा रस्ता. या जिल्ह्यात सपाट काय असेल तर तो एवढाच. खोडशीहून निघालेला जुना कृष्णा कालवा, आरफळचा कालवा, धोमचे कालवे, असं जाळंच आहे.

पण डोळे झाकून शिरू नका. तीन गोष्टी बघा.

एक, आवर्तन चालू आहे का. पाणी सुटलेलं असताना भरावातून पाझरतं आणि खालच्या अंगाचा मुरूम भुसभुशीत होतो. मग दोन्हीतला जो काठ कोरडा तो धरा. पाटकरी भेटला तर त्यालाच विचारा. त्याला त्याच्या हद्दीतली प्रत्येक मोरी पाठ असते.

दोन, जिथे कॅनॉल ओढा ओलांडतो तिथे देखभालीचा रस्ता अचानक तुटतो किंवा कठडा नसलेल्या अरुंद जलसेतूवर जातो. सामान लादलेली सायकल तिथे चालवायची नाही, ढकलायची. पाण्याच्या उलट बाजूला आपण, पाण्याच्या बाजूला सायकल.

तीन, अस्तर केलेल्या पाटात पाय धुवायलाही उतरू नका. तिरक्या काँक्रीटवर शेवाळ असतं. पाणी कमरेएवढं असलं तरी वर येता येत नाही. हात धुवायचे तर चारीवर.

वेगाची अपेक्षा ताशी बारा-तेरा ठेवा. टायर ३८ ला तुमच्या सामानासह पुढे ४०, मागे ५० पीएसआय. साठ भरून मुरुमावर गेलात तर दात मोजावे लागतील (@दातमोजणी, तुमचे नव्हेत).

निवांत_पेडल

अप्रतिम माहिती. डिसेंबर-जानेवारी धरू का मग? हवा थंड, आकाश निरभ्र.

टिपरू

धरा. आणि मग ओगलेवाडीपासून सांगलीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे धूळ खात जा.

कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की कृष्णाकाठचा प्रत्येक गावरस्ता हायवे होतो. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. मागे दिवा असेलच असं नाही, गाणं मात्र असतं, ट्रॉली दिसायच्या आधी तेच ऐकू येतं. वळणावर ट्रॅक्टर जिथून जातो तिथून दुसरी ट्रॉली जात नाही, ती आतल्या बाजूला कापत येते. म्हणून वळणावर डावीकडून कधीही शिरायचं नाही. मागे थांबा, सरळ रस्ता आला की ड्रायव्हरच्या आरशात दिसा, मगच उजवीकडून काढा.

त्याहून नडतं ते सांडलेलं टिपरू. हातभर उसाची गोल कांडी, रस्त्यावर आडवी. पुढचं चाक तिच्यावर चढलं तर ती लाटण्यासारखी फिरते आणि चाक बाजूला निसटतं. चुकवता आलं नाही तर हँडल सरळ, ब्रेक सोडलेला, आणि काटकोनात ओलांडायचं. तिरकं गेलात की पडलात.

रुळावरचा_चहा

टिपरूरावांशी सहमत. तो मुद्दा माझ्याकडून राहिला.

तिरकी_सीट

म्हणजे बघा: सप्टेंबरात कासला गर्दी, डिसेंबरात सांगलीला ऊस. पश्चिमेला मोकळा रस्ता तेव्हा पूर्वेला बंद, पूर्वेला मोकळा तेव्हा पश्चिमेला बंद. रस्ता शोधत बसण्यापेक्षा पंधरवडा शोधा.

टिपरू

पंधरवडा आहे. ऑक्टोबरचा उत्तरार्ध. कासची फुलं ओसरलेली, म्हणून गर्दीही ओसरलेली. कोयना भरलेली, म्हणजे बोट धक्क्याला लागते. कारखान्यांत बॉयलर पेटवायचे समारंभ चालू असतात, पण ऊस अजून उभाच. फक्त दिवाळीची सुट्टी त्यात येते का ते कॅलेंडर बघून घ्या, नाहीतर महाबळेश्वर बाजू पुन्हा भरली.

पाटकऱ्याचा_पुतण्या

आणि परतीचा पाऊस? तो याच पंधरवड्यात येतो. एक सर पडली की पाटाचा रस्ता विसरा.

मुरूम असेल तिथे तासाभरात निथळतो. पण नदीकाठच्या काळ्या रानातली वाट असेल तर वीस पावलं पुरतात. माती टायरला चिकटते, तिच्यावर गवत चिकटतं, त्यावर परत माती. मडगार्ड आणि टायरच्या मधली दोन बोटांची जागा भरली की चाक फिरायचं थांबतं. जोर लावून ढकललंत तर मडगार्डची तार वाकून आऱ्यांत जाते. डिरेलरमध्ये तो गोळा गेला आणि तुम्ही पेडल मारलंत तर हँगर तुटतो, स्टेशन कितीही जवळ असो.

उपाय: काळी माती ओली दिसली की शिरायचंच नाही. शिरलातच तर सायकल उचला, ढकलू नका. डांबरावर आल्यावर काडीने खरवडा, पाणी नंतर. आधी पाणी ओतलंत तर चिखल पातळ होऊन चेनमध्ये जातो. मडगार्ड लावायचेच असतील तर टायरपासून दीड-दोन सेंटीमीटर वर बसवा.

माणदेशी_सराटा

माझं नाव घेतलं नाही तरी मी येतोच. पाऊस सरल्यावर रस्त्याकडेला जमिनीसरपट पिवळ्या फुलांची वेल दिसते ना, ती सराट्याची, म्हणजे गोखरूची. ऑक्टोबरात काटे वाळून सुटे होतात. फळाचा तुकडा कसाही पडला तरी एक काटा वरच. चहाला थांबताना सायकल कडेच्या गवतात नेऊन टेकवली की एका दमात सहा-सात.

टायर ट्यूबलेस असेल तर काटा लगेच उपटू नका. छिद्र खाली येईल असं चाक फिरवा, मग उपटा, सीलंट (छिद्र बुजवणारं टायरमधलं द्रव) बसू द्या. या टायरला चाकामागे साठ मिली पुरतं, पण आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळतं, निघायच्या आधी हलवून बघा.

ट्यूब असेल तर एक पंक्चर काढून खूश होऊ नका. टायरच्या आतून कापसाचा बोळा पूर्ण फेरीभर फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका, बोटालाही सराटा ओळखता येत नाही.

निवांत_पेडल

गावातला पंक्चरवाला चालेल का? आमचे वॉल बारीक, प्रेस्टा आहेत.

माणदेशी_सराटा

पंक्चर उत्तम काढेल, हवा भरता येणार नाही. त्याचा नोझल मोटारसायकलच्या वॉलचा. पितळी ॲडॉप्टर दोन ठेवा, एक हरवतोच. कंप्रेसरने भरताना स्वतः हाताने दाबून बघत राहा, ३८ च्या टायरला तो सवयीने ट्रकएवढी हवा देतो. आणि मदत म्हणून रिमचं भोक मोठं करून द्यायला निघाला तर प्रेमाने नको म्हणा.

शिवसागर_काठ

तर मूळ प्रश्नाकडे. चार दिवस असे बसतात:

पहिला: सातारा, कास, बामणोली, बोटीने तापोळा, मुक्काम. सायकल छत्तीस किमी, पण घाट आणि बोट धरून दिवस जातो.
दुसरा: तापोळा, महाबळेश्वर, केळघर घाट उतरून मेढा. घाटात दोन्ही ब्रेक आलटून-पालटून, दर दोन-तीन किमीवर थांबून रिमला हात लावून बघा. चटका बसला तर दहा मिनिटं बसा. रिम तापली की ट्यूब फुटते, आणि ती वळणावरच फुटते.
तिसरा: मेढा, सातारा, (सोवळ्यात पुलाखालून) माहुली, रहिमतपूर, मसूर, ओगलेवाडी. हा मोठा, नव्वदच्या आसपास.
चौथा: शेणोली, ताकारी, देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर, कुंडल, पलूस, भिलवडी, औदुंबर, नांद्रे, सांगली.

टिपरू

ओगलेवाडीला कराड-विटा रस्ता आडवा येतो. तो हायवेपेक्षा वाईट, कारण त्याला मधला दुभाजक सगळीकडे नाही. सरळ ओलांडा, त्याच्यावरून चालवू नका. आणि भिलवडीला कृष्णेचं पाणी चढलेलं असेल तर पुलाची खात्री गावात करून घ्या.

निवांत_पेडल

ठरलं. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, मंगळवारी निघायचं, सामान नऊ किलो. पेढे सांगलीत पोचल्यावर. शेवटची शंका: मागे ११-३२ काढून ११-३४ बसेल का, की डिरेलरही बदलावा लागेल?

दातमोजणी

पुढचा फरक ४८ वजा २८, म्हणजे २०. मागचा ३४ वजा ११, म्हणजे २३. बेरीज ४३. मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा असेल आणि त्याची क्षमता ४३ किंवा जास्त, सर्वांत मोठं चक्र ३४ दातांचं चालतं असं लिहिलेलं असेल, तर बसेल. मॉडेल नंबर पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो, चिखल पुसून बघा.

बसवल्यावर पुढे ४८ मागे ३४ वर चेन हाताने फिरवून घ्या. पिंजरा पुढे ताणून सरळ झाला तर चेन एक कडी तोकडी आहे. तसं चालवायचं नाही हे खरं, पण घाटात दमल्यावर बोट चुकीचं बटण दाबतं, तेव्हा चेन पुरली पाहिजे. चेन जुनी असेल तर कॅसेटबरोबर नवीच घाला, जुनी, ताणलेली चेन नवे दात लवकर झिजवते. आणि निघायच्या आधी एकदा यवतेश्वर, सामानासकट.